तंग दुसऱ्यांदा बघायचा

रणपिसे मॅडम कुणालाच अरे-तुरे करत नसत. नऊ वर्षांच्या मुलीला त्या ‘अहो केळकर’ म्हणायच्या आणि घोड्याला, ‘अहो क्लार्क, सरका जरा.’ नव्याने आलेल्या पालकांना वाटायचं, बाई विनोदी आहेत. त्या विनोदी नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत पीटी शिकवली होती आणि मुलाला आडनावाने, आदराने हाक मारली की ते नीट उभं राहतं, एवढा त्यांचा अनुभव होता. घोड्यांना आडनाव नसतं म्हणून त्यांना हुद्दे दिले होते.

क्लार्क तपकिरी, रुंद पोटाचा. ‘सही झाल्याशिवाय पुढे सरकत नाही,’ असं त्या ओळख करून देताना सांगायच्या. हेडमास्तर पांढरा, म्हातारा, दिवसभर सगळ्यांवर नजर ठेवून असणारा आणि स्वतः काहीही न करणारा. तिसरा पाव्हणा. कोणीतरी हौसेने घेतलेला, ‘चार दिवस सांभाळा’ म्हणून आणून बांधलेला, आणि मालक परत फिरकलाच नाही.

या तिघांची पागा खराडीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला आहे. जमीन अप्पांची. अप्पांचं बाकीचं रान बिल्डरकडे गेलं आणि तिथे टॉवर उभे राहिले. एवढा एक तुकडा त्यांनी ठेवला. का ठेवला, असं कुणी विचारलं की म्हणतात, “त्या टॉवरात माझे फ्लॅट हायेत. खिडकीतनं काय दिसायचं? दुसरा टॉवर? घोडा दिसला पायजे.” मॅडम निवृत्त झाल्यावर इथे रायडिंग शिकवायला लागल्या. रोज पहाटे येरवड्याहून बसने येत. पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, गळ्यात शाळेतली शिट्टी. ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. पँटच्या उजव्या खिशात गूळ. त्यातला अर्धा घोड्यांना आणि अर्धा स्वतःच्या बिनसाखरेच्या चहाबरोबर, एकाच खिशातून.

मी खराडीतल्या एका कंपनीत प्रशासन बघते. बसगाड्या, कँटीन, आग लागली तर कोणी कुठल्या जिन्याने उतरायचं, ही माझी कामं. मुलीला घेऊन पागेत आले होते. मुलगी दुसऱ्या महिन्यात कंटाळली. तिचं नवं हेल्मेट माझ्या डोक्याला बरोबर बसत होतं, म्हणून मी राहिले. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाव?”

“मनीषा साठे.”

“साठे, आधी उतरायला शिका.”

“अजून चढलेच नाही, मॅडम.”

“म्हणून तर वेळ आहे.”

हीच त्यांची पद्धत. पहिले काही रविवार कुणालाही घोडा चालवायला मिळत नसे. क्लार्क उभा. आपण चढायचं आणि उतरायचं. उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीच्या लोखंडी कड्यांतून मोकळे करायचे, मगच पुढे झुकून उजवा पाय मागून फिरवायचा आणि गुडघे वाकवून, घोड्याकडे तोंड ठेवून खाली यायचं. एक पाय रिकिबीत अडकलेला राहिला की त्या पुन्हा वर चढवायच्या. मग ‘पाय!’ असं मध्येच ओरडायच्या, आणि घोडा स्वस्थ उभा असतानाही दोन्ही पाय झटक्यात बाहेर यावे लागायचे. एका मुलाचे बाबा वैतागले. सॉफ्टवेअरवाले, कानात सतत काहीतरी घातलेलं.

“मॅडम, रायडिंग ॲक्च्युअली स्टार्ट कधी होणार?”

“झालंय.”

“नाही, म्हणजे तो नुसता चढतोय नि उतरतोय.”

“तुम्ही नोकरी किती वेळा सोडलीत?”

“मी? तीन-चारदा.”

“मग तुम्हाला कळायला हवं. चढणं घोडासुद्धा शिकवतो. उतरणं कुणी शिकवत नाही.”

बाबांनी कानातलं काढलं, परत घातलं. मुलगा मात्र शिकला.

दुसरी गोष्ट तंगाची. तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. क्लार्कची जुनी खोड अशी की तंग आवळायला घेतला की तो श्वास भरून पोट फुगवतो. आपण बकल लावतो, घट्ट झालं म्हणतो. तो चार पावलं चालतो, श्वास सोडतो आणि पट्टा सैल. पुढच्या वळणावर खोगीर फिरून खाली, आणि माणूस खोगिराबरोबर. म्हणून एक चक्कर चालवून थांबायचं आणि तंग दुसऱ्यांदा बघायचा. बहुतेक घोडे असं करतात, पण क्लार्क हे काम मन लावून करायचा.

“पहिल्यांदा घट्ट लागतो तो तंग नसतो,” मॅडम सांगायच्या, “तो क्लार्कचा श्वास असतो.”

हे त्या सगळीकडे लावायच्या. फाटकाची कडी लावून चार पावलं पुढे गेल्या की परत येऊन हलवून बघायच्या. आजारी माणसाला भेटायला सगळे जातात तेव्हा जायच्या नाहीत, नंतर जायच्या. माझी आई गेली तेव्हा त्यांचा फोन आला तो एवढाच, “ऐकलं. रविवारची बॅच मी बघते, तुम्ही इकडे लक्ष देऊ नका.” मला जरा कोरडं वाटलं. महिन्याभराने, मी ऑफिसात बसगाड्यांच्या भानगडीत असताना, पुन्हा फोन.

“साठे, कशा आहात?”

“बरी आहे, मॅडम. का हो?”

“तेव्हा तुम्ही श्वास धरून होतात. म्हणून आत्ता विचारतेय.”

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. पलीकडून त्यांनी फोन ठेवला नाही. मागे हेडमास्तर खिंकाळलेला ऐकू येत होता.

त्यांचे वडील लष्कराच्या पागेत मोतद्दार होते. दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करायचा, चंदी घालायची आणि साहेब बसला की बाजूला व्हायचं. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला. विहारात जायचे, पण गोष्ट एकच सांगायचे, राजपुत्र राजवाडा सोडून गेला त्याची. नदीपाशी पोचल्यावर राजपुत्र घोड्यावरून उतरला आणि त्याने मोतद्दाराला सांगितलं, घोडा परत घेऊन जा.

“सगळे राजपुत्राबरोबर पुढे जातात,” मॅडम म्हणायच्या. “माझे वडील मोतद्दाराबरोबर मागे यायचे. रिकामं खोगीर घेऊन तेवढी वाट चालत येणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. घोडा दुःखाने मेला असं सांगतात. वडिलांना ते पटायचं नाही. म्हणायचे, मोतद्दाराने दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चंदी घातली असणार.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, आधी पाणी दाखवलं असणार. लांबून आला होता.”

खोगिरं ठेवायच्या खोलीत बुद्धाची एक लहान तसबीर होती. तिला हार नसे. शेजारी वडिलांचा खरारा टांगलेला, दात झिजलेला. रोज वापरातला.

मधली वर्षं गेली. मी जेमतेम बरी घोडेस्वार झाले, पण पागेची व्यवस्था माझ्याकडे आली. वेळापत्रक, पालकांचा ग्रुप, नालबंदाला फोन, डॉक्टरला फोन. मॅडमना फोनवरचं काही आवडत नसे. “तुमच्या त्या ग्रुपवर सांगा, की पाऊस आला म्हणून घोडा विरघळत नाही,” असं फर्मान निघायचं आणि मी ते सौम्य करून टाकायचे.

मग हळूहळू त्यांचं काहीतरी निसटायला लागलं. पाव्हण्याला त्यांनी एकदा ‘राजा’ म्हणून हाक मारली. राजा हा वडिलांच्या वेळचा घोडा. एकदा बसमधून भलत्याच थांब्यावर उतरल्या आणि उन्हातून चालत आल्या. कुणी विचारलं तर म्हणाल्या, “व्यायाम.” वय झालं की होतं असं, असं आम्ही आपापसात म्हणायचो. शिकवण्यात काही कमी पडत नव्हतं. निदान तसं दिसत होतं.

त्या रविवारी बशीरभाई नव्हते. बशीरभाई पागेतले मोतद्दार, मॅडमबरोबर पहिल्यापासून असलेले. भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेले होते. क्लार्कवर खोगीर मॅडमनी स्वतः चढवलं, तंग आवळला आणि केळकरला बसवलं. केळकर चौथीतली, बारीक, दोन वेण्या हेल्मेटखाली कोंबलेली. तिने एक चक्कर मारली. मॅडम मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. चक्कर संपली, क्लार्क सवयीने थांबला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

“दुडक्या चालीने,” त्या म्हणाल्या.

क्लार्क दुडकत निघाला. फाटकाजवळच्या वळणावर खोगीर फिरलं.

मी पळत सुटले. पण माझ्याआधी त्या मुलीचे दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर आले होते, कुणी ‘पाय’ न म्हणता. ती बाजूला पडली, गुडघ्यांवर, हातांवर, आणि घोड्यापासून लोळत दूर झाली. क्लार्क थांबला. खोगीर त्याच्या पोटाखाली लोंबत होतं. एक पाय जरी अडकला असता तर पुढचं मला लिहिता आलं नसतं. गुडघा खरचटला होता, हनुवटीला माती. मुलगी उठली, पोटाखालच्या खोगिराकडे बघितलं, मग मॅडमकडे.

“मॅडम, तंग दुसऱ्यांदा राहिला.”

मॅडम तिच्याजवळ गेल्या, सावकाश वाकल्या आणि तिच्या हनुवटीची माती रुमालाने पुसली.

“बरोबर, केळकर. राहिला. तुम्ही उतरलात मात्र उत्तम.”

मग सरळ खोगीर काढायला लागल्या. बकल त्यांना पहिल्या झटक्यात सुटलं नाही.

बशीरभाई परत आले तेव्हा मी त्यांना गाठलं. ते पागेच्या दाराशी हरभरा निवडत बसले होते. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ताई, मी होतो तर झालं नसतं.”

“का?”

“मॅडमनं तंग बांधला, की मी मागनं जातो. त्यांचं लक्ष नसताना एक भोक वर घेतो. रोज. माझ्या बीबीला म्हणालो होतो, लग्नाला एकटीच जा, माझं मन नाही. ऐकलं नाही तिनं.” मग सूप पुन्हा उचलत म्हणाले, “थकलो हो मी. नजर चुकवून काम करणं लई थकवतं.”

आता मॅडमशी बोलायला हवं होतं आणि बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. बहीण गेली होती. बहिणीची मुलगी फलटणला. पुन्हा एखादं मूल पडेपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं, आणि पालकांनी त्यांना घरी बसवावं, तेही ग्रुपवर लिहून, हेही मला नको होतं. मी मुद्दे काढले. ऑफिसात मी माणसांना अप्रिय गोष्टी सांगते, त्याची एक रीत असते. शनिवारी दुपारी खोगिरांच्या खोलीत चहा घेऊन गेले.

मॅडमनी कप घेतला, खिशातून गुळाचा खडा काढला.

“यादी आणलीत ना?”

आणली होती.

“वाचू नका. मी मास्तरीण होते. मूल नापास झालं की पालकांना बोलावून मीही आधी चहाच द्यायचे.”

मी कागद पर्समध्ये ठेवला. “मॅडम, त्या दिवशी एकदाच झालं नाही ते.”

“म्हणजे?”

बशीरभाईंचं सांगावं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्या बघायला लागल्या की खोटं सुचत नाही. सांगितलं. त्यांनी हाक मारली, “अहो बशीर.”

ते दारात येऊन उभे राहिले. ओल्या हातांनी.

“कधीपासून?”

“काय, मॅडम?”

“तंग.”

बशीरभाई जमिनीकडे बघत म्हणाले, “दिवाळीपासून.”

“गेल्या?”

“त्याच्या आदल्या.”

मॅडमनी कप खाली ठेवला. बाहेर पाव्हणा दाराच्या फळीला खूर मारत होता. चंदीची वेळ झाली की तो तसं करतो.

“म्हणजे मी केव्हाच उतरायला हवं होतं,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही सगळे मला खोगिरावर धरून बसला होतात. इतकी वर्षं ‘पाय’, ‘पाय’ म्हणून ओरडले. मला कुणी म्हणालं नाही.”

“आता म्हणतेय, मॅडम.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. दमलेल्या दिसल्या, आणि मी त्यांना दमलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

“बरं झालं म्हणालात. बशीर, जा, तो फळी मोडेल.” मग मला, “साठे, फलटणला फोन तुम्ही लावा. मी लावला तर भाची रडत बसेल.”

पुढचा महिना मी कामं उरकत होते. डॉक्टर, तपासण्या, येरवड्याची खोली, भांडी कुणाला, कपाट कुणाला. मला कामाचा शीण येत नाही असं घरात बोललं जातं. त्या महिन्यात आला. गॅसचं कनेक्शन बंद करायला गेले तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “मयत आहेत का?”

“नाही. फलटणला चालल्यात.”

“मग बंद कशाला करताय? ट्रान्सफर करा.”

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी तिथल्या बाकड्यावर बसले आणि पुढचे तीन-चार नंबर जाऊ दिले.

जायच्या दिवशी पालक आले. केक नको असं मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं, तरी केक होता, त्यावर साखरेचा घोडा. मॅडम म्हणाल्या, “याचे मागचे पाय कुठल्या डॉक्टरने जोडले?” लोक हसले, त्यांना बरं वाटलं. मग कानातलं काढून ते सॉफ्टवेअरवाले बाबा पुढे आले.

“मॅडम, क्लार्कवर एक राउंड प्लीज. व्हिडिओ घेतो, मुलांना आठवण राहील.”

बशीरभाईंनी क्लार्क तयार ठेवला होता, कुणीतरी सांगितलं असणार. खोगीर, लगाम, सगळं. मॅडम त्याच्याजवळ गेल्या. सगळ्यांचे फोन वर झाले. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, गूळ दिला, पोटाखाली हात घालून तंग चाचपला आणि बकल सोडून टाकलं.

“नको. माझं उतरून झालंय.”

खोगीर त्यांनी स्वतः उतरवलं. बशीरभाई पुढे झाले तेव्हा त्यांना थांबवलं नाही. दोघांनी मिळून ते कठड्यावर ठेवलं.

अप्पा काठी टेकत आले. “बाई, जागा हाय तशीच हाय. कवाबी या.”

“तुम्ही ती तशी ठेवा म्हणजे झालं. खिडकीतनं लक्ष ठेवा.”

“लक्ष हायेच की. तुमी आमच्यावर ठेवत हुता, आता आमी.”

केळकर आली होती. गुडघ्यावरची खपली गेली होती. मॅडमनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली.

“वाजवू?” तिने विचारलं.

“घोड्यांजवळ नाही. कधीच नाही.”

“मग कशाला?”

“जवळ असली की वाजवावी लागत नाही.”

टेम्पो भाचेजावयांनी आणला होता. एक पेटी, एक गादी, खुर्ची, पुस्तकांची पोती आणि वडिलांचं जुनं खोगीर. खरारा त्यांनी नेला नाही. तो आहे तिथेच टांगलेला राहू दे म्हणाल्या. सामानावर दोर बशीरभाईंनी बांधला, भिंतीला पाय लावून, दात आवळून. मॅडम टेम्पोत पुढे बसल्या. मी दाराशी उभी होते. औषधांची पिशवी कुठे, डॉक्टरांचे कागद कुठल्या कप्प्यात, दुपारची गोळी जेवणाआधी, हे मी भाचेजावयांना पुन्हा सांगत होते.

“साठे,” मॅडम म्हणाल्या, “त्यांना वाचता येतं.”

एवढंच. टेम्पो निघाला. मी काही बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलं. पालक केकच्या प्लेटा गोळा करायला लागले. टेम्पो फाटकातून बाहेर पडला, टॉवरच्या भिंतीलगत गेला, गतिरोधकावर उडाला आणि थोडं पुढे जाऊन थांबला.

मला वाटलं, काहीतरी विसरल्या. आजकाल विसरायच्याच. मी धावत निघाले. दार उघडलं. मॅडम आधी वळल्या, तोंड आत करून दांडी धरली आणि दोन्ही पाय एकदम टेकवत, गुडघे वाकवून, जमिनीवर आल्या. मागे गेल्या. दोर हाताने दाबून पाहिला. तो बोटभर खाली गेला. हादऱ्याने सामान खाली बसलं होतं.

“काय राहिलं, मॅडम?” मी धापा टाकत विचारलं.

“काही नाही.” त्या गाठ सोडत होत्या. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला.

“अहो मावशी, घट्ट बांधलाय की,” भाचेजावई खिडकीतून म्हणाले. “सामान आहे हे, घोडा नाही.”

“तुम्ही गाडी चालवा.”

त्यांनी दोर ओढला, अंगातलं सगळं वजन मागे टाकून, आणि गाठ मारली. पुन्हा दाबून पाहिला. आता तो हलला नाही. मग माझ्याकडे बघितलं, त्या क्लार्कच्या पोटाकडे बघायच्या तसं, आत किती श्वास उरलाय ते बघत.

“महिन्याने फोन करीन,” त्या म्हणाल्या. “विसरले, तर तुम्ही करा.”

“करते.”

“जा आता. पाव्हणा फळी मोडतोय.”

खरंच, मागून पागेतून खुराचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघेपर्यंत त्या चढून बसल्या होत्या. टेम्पो पुढच्या गतिरोधकावर उडाला. खुर्चीचा पाय आणि जुन्या खोगिराची कड दिसत होती. वरून गेलेला दोर जिथल्या तिथे ताठ होता.